व्हान लिन्सखोतेन: गाव सुटलं की चिकटणारं आडनाव

प्रश्न असा आहे: "सोळाव्या शतकातल्या गोव्याचं वर्णन करून ठेवणाऱ्या यान हाउखेन व्हान लिन्सखोतेनचं आडनाव कुठून आलं? ते खानदानी आहे का? पुण्यात आमच्या कंपनीत एक डच सहकारी आला आहे, त्याचं आडनाव हेच. तो म्हणतो, आमच्याकडेही हे नाव फारसं ऐकू येत नाही. मग तो त्या प्रवाशाच्याच वंशातला असेल का?"

आधी थोडक्यात सांगतो. आडनाव गावावरून आलेलं आहे, मूळचं खानदानी नाही, आज खरंच दुर्मीळ आहे, आणि एवढ्यावरून तुमचा सहकारी त्या प्रवाशाचा वंशज ठरत नाही. आता जरा बैठक मारून बोलू. इकडे नेदरलँड्समधल्या जुन्या दप्तरांत लोकांची घराणी शोधून देण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं आहे, आणि असं नाव समोर आलं की मला दोन वाक्यांत थांबता येत नाही.

उच्चारापासून सुरुवात करतो, कारण मराठी पुस्तकांत याचा लिन्शोटेन, लिंस्कोटन असा काहीही उच्चार छापलेला दिसतो. डच भाषेत या जोडाक्षरात 'स' नंतर सरळ 'ख' येतो, घसा खरवडून काढलेला. शेवटचा 'न' बोलताना बहुतेक जण गिळून टाकतात, त्यामुळे कानाला 'लिन्सखोते' असंच काहीसं ऐकू येतं. 'हाउखेन'मधला स्वर मराठीत नाहीच. 'आउ' ही आपली तडजोड समजा.

लिन्सखोतेन हे उत्रेख्त प्रांतातलं एक छोटं गाव. उत्रेख्त शहराच्या पश्चिमेला वुर्डेन, मॉन्टफोर्ट आणि आउडेवाटर ही तीन जुनी गावं आहेत, त्यांच्या अधेमध्ये. गावाला आणि तिथून वाहणाऱ्या लहानशा नदीला एकच नाव. १९८९ पर्यंत गावाची स्वतःची नगरपालिका होती, त्या वर्षी ती मॉन्टफोर्टमध्ये विलीन झाली. शोध घेताना ही तारीख लक्षात ठेवावी लागते, कारण दप्तरं नगरपालिकेप्रमाणे लावलेली असतात. नावातलं 'सखोतेन' तुम्हाला लायडनजवळच्या व्होर्सखोतेन या गावाच्या नावातही दिसेल. दलदलीच्या सखल मुलखात घुसलेला उंच, कोरडा जमिनीचा तुकडा, असा त्याचा अर्थ सहसा लावतात. हा सगळा भाग समुद्रसपाटीला चिकटलेला, चर खणून पाणी काढलेला. अशा ठिकाणी हातभर उंच जमिनीलाही नाव मिळायचं, त्यात नवल नाही.

आता त्या प्रवाशाच्या नावाकडे वळू. यान हे त्याचं स्वतःचं नाव. हाउखेन म्हणजे हाउखचा मुलगा. व्हान लिन्सखोतेन म्हणजे लिन्सखोतेनचा. स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव. मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही, आपण शाळेच्या हजेरीपटात हेच लिहीत आलो. इंग्रज किंवा अमेरिकन माणूस मात्र 'हाउखेन'ला मधलं नाव समजतो, 'व्हान'ला सरदारकी समजतो आणि तिथून पुढे वाट चुकतो.

फरक एकच आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. आपल्याकडे तिसरा शब्द पिढ्यान्‌पिढ्या टिकतो असं आपण गृहीत धरतो. सोळाव्या शतकातल्या हॉलंडमध्ये तसं नव्हतं. यानच्या बापाचं नाव हाउख योस्टेन, म्हणजे योस्टचा मुलगा हाउख. तो नोटरीचं काम करायचा आणि खाणावळ-मुक्कामाची जागा चालवायचा. आईचं नाव मार्तखेन तिन. तिला आधीच्या लग्नाची दोन मुलं होती, म्हणून यानच्या सावत्र भावाचं नाव विलेम तिन. एकाच घरात योस्टेन, हाउखेन आणि तिन. पुढे यानने एन्कहाउझेनमधल्या रेनू मेनर्ट्सडोख्तर हिच्याशी लग्न केलं. तिच्या नावातलं 'डोख्तर' म्हणजे मुलगी, मेनर्टची मुलगी. ती लग्नानंतरही मेनर्टचीच मुलगी राहिली, नाव बदलायची तिथे पद्धतच नव्हती. या घरातल्या कुणाला तुम्ही 'तुमचं आडनाव काय' असं विचारलं असतं, तर प्रश्नच कळला नसता.

यानचा जन्म हार्लेममध्ये, १५६३ च्या सुमारास. लहानपणीच तो एन्कहाउझेन या बंदराच्या गावी आला. म्हणजे जन्म एकीकडे, वाढ दुसरीकडे आणि नाव तिसऱ्याच गावाचं. पहिल्यांदा वाचताना हे विचित्र वाटतं, पण गावाचं आडनाव असंच काम करतं. लिन्सखोतेनमध्ये राहणाऱ्या माणसाला 'लिन्सखोतेनचा' म्हणून ओळखायला कोण जाणार, तिथे सगळेच लिन्सखोतेनचे. हे नाव लागतं ते दुसऱ्या गावात, नवख्या माणसाला, शेजाऱ्यांनी लावलेलं. कोकणातलं गाव सोडून देशावर गेलेल्याला 'कर' लागतो, तसंच. म्हणून माझ्या धंद्यातला पहिला नियम: 'व्हान अमुक' हे नाव सापडलं की अमुक गावाच्या आजूबाजूला शोधा, अमुक गावात नव्हे.

तुम्ही विषय काढलाच आहे तर त्याचं पुस्तक बघा, 'इटिनेरारिओ', १५९६ साली ॲमस्टरडॅममध्ये छापलेलं. गोव्याचा आर्चबिशप व्हिसेंते दा फॉन्सेका याच्या कचेरीत कारकून म्हणून यान १५८३ च्या सप्टेंबरात गोव्यात पोचला, पाचेक वर्षं राहिला आणि १५९२ मध्ये एन्कहाउझेनला परतला. गोव्यातला बाजार, पालखीतून फिरणारे पोर्तुगीज, आंबा, फणस, नारळ, सगळं त्याने टिपलं. भूगोलाच्या लोकांसाठी ते पुस्तक वेगळ्या कारणाने मोलाचं आहे. मला मात्र ते डच नावांचं छोटं संग्रहालय वाटतं.

लेखक गावावरून ओळखला जाणारा. प्रकाशक कोर्नेलिस क्लासझोन, म्हणजे क्लासचा मुलगा कोर्नेलिस. बस्स, पुढे काही नाही. ॲमस्टरडॅमचा एवढा बडा पुस्तकविक्रेता, पण गावाचं किंवा घराण्याचं नाव नाही आणि त्याचं काही अडलंही नाही. गोव्याच्या बाजाराचं ते प्रसिद्ध चित्र आणि शहराचा नकाशा ज्यांनी तांब्यावर कोरला ते व्हान डुटेकम, म्हणजे खेल्डरलँडमधल्या डुटिन्खेम गावचे. पुन्हा गाव, आणि पुन्हा गाव सोडल्यावर मिळालेलं नाव. वनस्पती आणि औषधांवर जागोजागी टिपा लिहिणारा डॉक्टर पालुडानुस. ऐकायला रोमन सेनापती, पण माणूस मूळचा बेरेन्ट टेन ब्रुके, म्हणजे 'दलदलीजवळचा'. शिकून मोठा झाल्यावर दलदलीचं लॅटिन करून घेतलं, इतकंच. याच एन्कहाउझेनमध्ये दर्यावर्दी नकाशांचं पुस्तक काढणारा लुकास यान्सझोन वाखेनार राहत होता, यानचा मुलगा आणि वर 'गाडीवान'. त्याचं नाव इंग्रज खलाशांच्या तोंडी इतकं बसलं की ते कुठल्याही सागरी नकाशाच्या पुस्तकाला 'वॅगनर'च म्हणू लागले. आणि गोव्यातच यानला भेटलेला त्याचा गाववाला डिर्क खेरित्सझोन. चीन आणि जपानपर्यंत जाऊन आलेला म्हणून गावात त्याला 'डिर्क चीन' म्हणत.

बापाचं नाव, गाव, धंदा, टोपणनाव आणि लॅटिनचा मुलामा, हे पाचही प्रकार एका पुस्तकाच्या आसपास सापडतात. यातलं कुठलं पुढे आडनाव म्हणून टिकणार हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. 'डिर्क चीन'च्या नातवंडांना चीन हे आडनाव सहज लागू शकलं असतं.

आता खानदानी असण्याबद्दल. या गैरसमजाला तीन जबाबदार आहेत.

पहिलं म्हणजे 'व्हान'. जर्मनीत 'फॉन' बऱ्याचदा सरदारकी दाखवतं, त्यामुळे लोक डच 'व्हान'लाही तोच मान देतात. डचमध्ये त्याचा अर्थ फक्त 'चा' किंवा 'कडचा'. व्हान डाइक म्हणजे बांधाजवळचा. व्हान डेन बेर्ख म्हणजे टेकडीजवळचा, आणि हॉलंडमधली टेकडी म्हणजे काय हे ज्याने पाहिलं आहे तो हसल्याशिवाय राहणार नाही. यात कुळ-शील काही नाही.

दुसरं, भाषांतरं. १५९९ च्या लॅटिन आवृत्तीत तो 'योहानिस हुगोनिस लिन्स्कोटानी' झाला. इथे निदान हुगोनिस म्हणजे हुगोचा, हे स्पष्ट दिसतं. पण फ्रेंच आवृत्तीत त्याचं 'दे लिन्स्कोत' झालं, आणि फ्रेंच कानाला 'दे' म्हटलं की गढी दिसते. खाणावळवाल्या नोटरीचा मुलगा भाषांतरात उमराव झाला.

तिसरं कारण जरा खरं आहे, म्हणून ते जास्त फसवतं. स्ट्रिक व्हान लिन्सखोतेन नावाचं घराणं खरोखर होतं आणि ते खरोखर खानदानी होतं. सतराव्या शतकात स्ट्रिक घराण्याने लिन्सखोतेनची जहागीर विकत घेतली, तिथे मोठा वाडा बांधला आणि जहागिरीचं नाव आपल्या नावापुढे जोडलं. तो वाडा आजही उभा आहे. अशा जोडनावातलं दुसरं गाव म्हणजे 'आम्ही तिथून आलो' असं नसतं, 'ते आमच्या मालकीचं' असं असतं. मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ करवून घेणारा आणि सुरतेला दफन झालेला व्हान रेडे तोट ड्राकेस्टाइन आठवा. त्यातला 'तोट' हा शब्द तर सरळ मालकीच सांगतो. तेव्हा व्हान लिन्सखोतेन आणि स्ट्रिक व्हान लिन्सखोतेन ही दोन नावं शेजारी दिसली तरी एक गाव सोडणाऱ्याचं आहे आणि दुसरं गाव विकत घेणाऱ्याचं. आपला यान १६११ मध्ये वारला, तेव्हा स्ट्रिक मंडळी तिथे आलीही नव्हती. तरी इंटरनेटवरच्या हौशी वंशावळींत त्याला त्या वाड्यात बसवलेला मी कितीदा तरी पाहिला आहे.

मग ही चालती-फिरती नावं गोठली कधी? हॉलंड आणि उत्रेख्तच्या शहरांत सतराव्या-अठराव्या शतकातच बऱ्याच घरांत आडनाव स्थिर होत गेलं होतं. फ्रीसलंड, ड्रेंथसारख्या उत्तरेच्या भागांत मात्र एकोणिसाव्या शतकाच्या तोंडावरही बापाच्या नावावर काम चालत होतं. १८१० मध्ये नेपोलियनने देश फ्रान्सला जोडला आणि १८ ऑगस्ट १८११ च्या फर्मानाने आडनाव नसलेल्यांना ते घेऊन नोंदवायला लावलं. तरी काही लोक राहिलेच, म्हणून १८२५ मध्ये राजा विलेमला पुन्हा हुकूम काढावा लागला.

इथे एक लाडकी दंतकथा आहे. डच लोकांनी म्हणे नेपोलियनची थट्टा करायला मुद्दाम विचित्र आडनावं नोंदवली, उदाहरणार्थ नाक्तखेबोरेन, म्हणजे 'नागडा जन्मलेला'. प्रत्येक डच माणूस ही गोष्ट पाहुण्याला सांगतो, तुमचा सहकारीही सांगेल. हे नाव नेपोलियनच्या आधीपासून कागदोपत्री आहे. ते बहुधा बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलासाठीच्या जर्मन शब्दाचं अपभ्रष्ट रूप असावं. पण सहकाऱ्याचा विरस करू नका, गोष्ट चांगली आहे.

१८११ नंतर बदल झाला तो हा: जे लिहिलं गेलं ते कायम झालं. कारकुनाने एका भावाला एक 'ओ' लिहिला आणि दुसऱ्याला दोन, तर तिथून दोन आडनावं सुरू झाली. कुठे 'व्हान' गळाला आणि नुसतं लिन्सखोतेन राहिलं. उत्रेख्त विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ योहानेस लिन्सखोतेन, १९६४ मध्ये अकाली गेलेले, हे अशा 'व्हान'विना नावाचं माहितीतलं उदाहरण. 'व्हान' नाही म्हणून घराणं वेगळं असं समजू नका, आणि 'व्हान' आहे म्हणून एकच असंही समजू नका.

आता आज किती, हा प्रश्न. डच आडनावांची एक सार्वजनिक माहितीपेढी आहे. तिच्यात १९४७ च्या जनगणनेतली आणि २००७ च्या नागरिक-नोंदणीतली संख्या नावागणिक पाहता येते, गाववार नकाशासकट. २००७ मध्ये तीन लाखांहून जास्त वेगवेगळी आडनावं नोंदलेली होती. सगळ्यांत मोठं डे योंग, म्हणजे 'धाकटा', सुमारे ८४ हजार लोक. व्हान लिन्सखोतेन त्याच्या शतांशाच्याही जवळ जात नाही. कारण साधं आहे. बांध हजार ठिकाणी होते, म्हणून व्हान डाइक हजार ठिकाणी जन्मलं. बेकरी प्रत्येक गावात होती, म्हणून बाकर गल्लोगल्ली. लिन्सखोतेन देशात एकच, तेही लहान. तिथून उठून दुसरीकडे गेलेली, त्यांतली आडनाव गोठेपर्यंत ते टिकवणारी, आणि त्यापुढे मुलगे होत राहिलेली कुटुंबं किती असणार? तिसऱ्या अटीवर फार नावं बुडतात. १९९८ पर्यंत कायद्याने विवाहित जोडप्याच्या मुलांना बापाचंच आडनाव लागायचं, त्यामुळे एका पिढीत फक्त मुली झाल्या की ती शाखा कागदावर संपायची. आता आईचं नाव देता येतं, आणि २०२४ पासून दोघांचं जोडूनही.

आकडे वाचताना एक हिशेब मनाशी ठेवा. १९४७ मध्ये नेदरलँड्सची लोकसंख्या सुमारे ९६ लाख होती, २००७ मध्ये सुमारे १ कोटी ६३ लाख. म्हणजे एखादं नाव नुसतं जागेवर राहायचं तर साठ वर्षांत १.७ पट व्हायला हवं. १०० चे १३० झाले तर लोक म्हणतात वाढलं. खरं तर ते मागे पडलं. पाचांपेक्षा कमी माणसं असली की पेढी नेमका आकडा दाखवत नाही, 'पाचांहून कमी' एवढंच सांगते, म्हणजे कुणी व्यक्ती उघडी पडू नये. आणि प्रत्येक वर्तनी वेगळी मोजलेली असते. एक 'ओ', दोन 'ओ', 'व्हान'सह, 'व्हान'विना, स्ट्रिकसह, असं सगळं एकेक करून पाहावं लागतं. बेरीज आपली आपण करायची, पण तिला एक घराणं म्हणायचं नाही.

यादीत शोधण्याची एक खाच आहे, जिने मला नवखेपणी आठवडाभर वेड्यासारखं फिरवलं होतं. नेदरलँड्समध्ये अशी नावं 'व्हान' सोडून लावतात, म्हणजे व्हान लिन्सखोतेन 'ल'मध्ये. बेल्जियममध्ये 'व्ह'मध्ये. मी 'व्ह'ची खणच्या खण चाळत बसलो होतो. शेवटी दप्तरखान्यातल्या एका आजीबाईंनी चष्म्यावरून बघत 'ल'कडे बोट दाखवलं. आपला प्रवासी तर तिसरीकडेच सापडतो: त्याच्या काळच्या कागदांत तो बऱ्याचदा नुसता यान हाउखेन असतो, म्हणून 'ह' बघायचा.

गोव्याचा उल्लेखही केलात. गोव्यातल्या ख्रिस्ती आडनावांत त्याचा मागमूस शोधू नका. ती नावं बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज पाद्री आणि धर्मपित्यांकडून आलेली आहेत. यान तिथे आर्चबिशपच्या पदरी पाच वर्षं नोकरीला होता आणि माघारी गेला. पुढे १६३७ मध्ये डच कंपनीने वेंगुर्ल्याला वखार घातली, तिचे अवशेष अजून दिसतात. पण ती सगळी नंतरची आणि वेगळी माणसं.

राहिला तुमचा सहकारी. त्याला 'तू त्या प्रवाशाचा वंशज का' असं विचारू नका, तो उगाच हो म्हणेल. त्याचे आजोबा-पणजोबा कुठल्या गावचे, ते विचारा. वुर्डेन, मॉन्टफोर्ट, आउडेवाटर, खाउडा, उत्रेख्त यांपैकी काही म्हणाला, तर त्याचा पूर्वज लिन्सखोतेनमधून उठून एका दिवसाच्या चालीवर स्थिरावलेला कुणी शेतकरी किंवा कारागीर असण्याचीच शक्यता जास्त. एन्कहाउझेनचं नाव घेतलं, तर मात्र मला कळवा. तिथली जुनी दप्तरं होर्नच्या वेस्टफ्रीस दप्तरखान्यात आहेत. जन्मनोंदी शंभर वर्षांनी, लग्नाच्या पंच्याहत्तर आणि मृत्यूच्या पन्नास वर्षांनी सगळ्यांना खुल्या होतात, त्यामुळे पणजोबांपासून मागे १८११ पर्यंत जायला एक पावसाळी शनिवार पुरतो. त्याच्या मागे चर्चच्या वह्या लागतात, आणि तिथे 'ल'मध्ये काही नाही मिळालं तर घाबरायचं नाही, बापाच्या नावाखाली बघायचं.